रॉटरडॅमचं बंदर आणि आमची पोर्टं

मंडळाच्या हळदीकुंकवाला आमच्या सौ.नं कुणाला तरी सांगितलं, "ह्यांचं सगळं काम पोर्टचं असतं." झालं! त्या दिवसापासून निम्मं मंडळ आम्हाला रॉटरडॅमच्या बंदरातला मोठा अधिकारी समजू लागलं. मुलीकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या सांगलीच्या एका आजींनी तर पुढच्या भेटीत आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, "काय रे, बोटीतून सामान पाठवायचं झालं तर स्वस्तात पडेल का?"

आजींची चूक नव्हती. युरोपातलं सर्वांत मोठं बंदर आमच्या घरापासून पाऊण तासावर आहे आणि पोर्ट म्हटलं की कुणालाही बोटीच दिसणार. आमची पोर्टं मात्र काड्यापेटीएवढी. एका लोखंडी पेटीत, स्क्रूनं आवळलेली, चार-दोन वायरींची. त्यांतून बोटी जात नाहीत, आकडे जातात. कुठल्या ट्रकनं किती डिझेल भरलं, टाकीत किती उरलं, तळाशी पाणी किती साठलं, ह्याचे आकडे. ह्या प्रकाराला इंग्रजी अमलाखालच्या मराठीत फ्युएल मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतात आणि गेली कित्येक वर्षं ती बसवणं आणि दुरुस्त करणं हाच आमच्या पोटापाण्याचा धंदा आहे. संपादकांनी "आपापल्या कामाविषयी लिहा, पण लोकांना समजेल असं लिहा" असं फर्मान काढलं म्हणून हा लेख. त्यात आमच्याच हातून घडलेली एक चूकही सांगायची आहे. ती आजवर घराबाहेर फारशी सांगितलेली नाही.

मामांचा पंप

आमचा आणि डिझेलच्या वासाचा संबंध डेल्फ्टला येण्याच्या पुष्कळ आधीचा. सातारा रस्त्यावर आमच्या मामांचा पंप होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिथे पडीक. रोज सकाळी मामांचं पहिलं काम म्हणजे डिप घेणं. टाकीचं झाकण उघडायचं, पितळी डिप रॉड सरळ खाली सोडायचा, वर काढून ओली खूण कुठवर आली ते पाहायचं. रॉडच्या टोकाला एक पेस्ट लावलेली असे. तळाला पाणी असेल तर तिचा रंग बदलायचा. मग कोष्टकात पाहायचं: इतके सेंटिमीटर म्हणजे इतके लिटर. टाकी आडव्या पिंपासारखी असल्यामुळे मधला एक सेंटिमीटर आणि तळाचा एक सेंटिमीटर ह्यांत लिटर सारखे नसतात, हे भूमितीत शिकण्याआधी आम्ही मामांच्या कोष्टकात शिकलो. कालची शिल्लक, अधिक टँकरनं आलेला माल, वजा मीटरवरची विक्री. बेरीज डिपशी जुळली की मामा चहा मागवत. जुळली नाही तर चहा नाही.

पंपावर पाच लिटरचं सरकारी शिक्क्याचं माप टांगलेलं असे. गिऱ्हाइकाला शंका आली तर त्या मापात ओतून दाखवायचं. पाच लिटरला पंचवीस मिलिलिटर इकडेतिकडे चालतं, म्हणजे अर्धा टक्का. गंमत म्हणजे इथे युरोपातही पंपाच्या मीटरला मुभा तेवढीच, अर्धा टक्का. इथले तपासनीस वीस लिटरचं माप वापरतात, तेव्हा फरक शंभर मिलिलिटरच्या आत हवा. साता समुद्रापार येऊनही अर्धा टक्का काही सुटला नाही!

मामा म्हणायचे, "डिप खोटं बोलत नाही. बोलला तर डिप घेणारा बोलतो." पुण्याला बी.ई. करून २००४ साली आम्ही डेल्फ्टला एम.एस्सी.ला आलो, तेव्हा वाटलं की आता डिप घेणारा माणूसच मधून जाणार, म्हणजे खोटं बोलायला कुणी उरणारच नाही. हा समज किती भाबडा होता ते पुढे येईलच.

पेटीतली हजेरी

आता यंत्रणेकडे वळू. एखाद्या ट्रान्सपोर्ट कंपनीचा डेपो डोळ्यांसमोर आणा. जमिनीखाली तीस हजार लिटरची टाकी, वर दोन पंप, शेजारी एक खांब. ड्रायव्हर येतो, किल्लीला लावलेला टॅग खांबावरच्या रीडरला दाखवतो, किलोमीटरचा आकडा दाबतो. पेटी टॅग ओळखते आणि पंपाला परवानगी देते. भरून झालं, नोझल जागेवर गेलं की नोंद बंद. सकाळी ऑफिसात मॅनेजरच्या पडद्यावर कुठली गाडी, किती लिटर, किती वाजता, सगळं हजर.

टाकीत आता पितळी रॉड नाही, एक कायमची बसवलेली नळी असते. तिच्यावर लोहचुंबक असलेला तरंगता गोळा वरखाली होतो. नळीतल्या तारेतून विजेचा एक ठोका जातो, गोळ्याच्या चुंबकापाशी त्याची एक लहर उठते आणि ती परत यायला किती वेळ लागला त्यावरून उंची कळते, मिलिमीटरच्या अंशापर्यंत. दुसरा एक गोळा डिझेल आणि पाणी ह्यांच्या सीमेवर राहतो. मामांच्या पेस्टचं काम त्याच्याकडे.

हे सगळे भाग वेगवेगळ्या कंपन्यांचे आणि वेगवेगळ्या वयांचे असतात. त्यांना एकमेकांशी बोलायला लावणं म्हणजे पोर्ट लावणं. मालिका पोर्टाचा आरएस-२३२ हा जुना दाखला १९६० सालचा. वयानं तो आमच्यापेक्षा मोठा आहे, तरी अजून निवृत्त झालेला नाही. तो दोघांमधलं बोलणं जमवतो, आणि तेही जवळून. जुन्या नियमाप्रमाणे वायर पन्नास फुटांपर्यंतच. १९८३ साली आरएस-४८५ आला. त्याच्या दोन वायरी बाराशे मीटरपर्यंत जातात आणि एका ओळीत बत्तीस उपकरणं बसतात.

ह्या ओळीचा कारभार थेट शाळेतल्या हजेरीसारखा. पेटी म्हणजे बाई. त्या नंबर पुकारतात, "एक?" एक नंबरचा पंप म्हणतो, "हजर, दोनशे दहा लिटर." "दोन?" "हजर, रिकामा आहे." बोलावल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. दोन पोरांना चुकून एकच नंबर दिला तर दोघंही एकदम ओरडतात आणि बाईंना काहीच कळत नाही. ओळीच्या शेवटच्या टोकाला १२० ओहमचा एक छोटा रोधक लावावा लागतो. नाही लावला तर दरीत हाक मारल्यासारखा प्रतिध्वनी परत येतो आणि पुढचा शब्द मागच्यात मिसळतो.

शिवाय दोघांचा बोलण्याचा वेग एक हवा. एक ९,६०० नं बोलतो आणि दुसरा १,२०० नं ऐकतो, असं झालं तर पडद्यावर नुसता चिनीमातीचा चुरा दिसतो. प्रत्येक अक्षर सात बिटांचं की आठ, ते ठरवावं लागतं. अक्षराच्या शेवटी एक पडताळ्याचा बिट असतो, सम किंवा विषम. वाण्याकडे सामान मोजून पिशवीत टाकल्यावर आपण "एकूण नग किती?" म्हणून विचारतो, तसला तो प्रकार. नग जुळले नाहीत तर पिशवी परत करायची. टाकी मोजणारी कित्येक जुनी यंत्रं सात बिट आणि विषम पडताळा धरून बसलेली, नव्या पेट्या आठ बिट आणि पडताळाच नाही म्हणणाऱ्या. सासू-सुनेसारखं दोघींना एका घरात नांदवायचं. ते जमलं की आमचं निम्मं काम झालं.

ह्या देशात त्याची किंमत

"एवढा खटाटोप कशाला? दहावीस लिटर इकडेतिकडे झाले तर काय बिघडलं?" असं आमचे एक स्नेही म्हणाले. हॉलंडमध्ये बिघडतं. इथे हातभर खणलं की पाणी लागतं. टाकीला सुईएवढं भोक पडलं तरी ते डिझेल जमिनीत, आणि जमिनीतून पाण्यात. रॉटरडॅमच्या पूर्वेला लेक नदीकाठी लेकरकर्क नावाचं गाव आहे. तिथे नव्या वसाहतीखाली रासायनिक कचऱ्याची पिंपं पुरलेली सापडली आणि १९८० साली अडीचशेहून जास्त कुटुंबांना घरं सोडावी लागली. तो कचरा डिझेलचा नव्हता, पण त्या प्रकरणानं सगळा देश आपल्या पायाखालच्या मातीकडे पाहू लागला. माती साफ करण्याचा पहिला कायदा १९८३ साली आला आणि पुढच्या दशकात गावोगावच्या पेट्रोल पंपांखालची माती खणून तपासली गेली. त्यामुळे इथे टाकीचा हिशेब हा नुसता पैशाचा हिशेब राहिलेला नाही.

पैशाचा तर आहेच. इंधनाच्या किमतीत कराचा वाटा मोठा. विम कोक अर्थमंत्री असताना १९९१ साली पेट्रोलवर पंचवीस सेंटांचा जादा कर बसला. ते 'कोकचं पंचवीस सेंटांचं नाणं' आमचे शेजारचे आजोबा टाकी भरताना अजून आठवतात. गिल्डर जाऊन युरो आला तरी त्यांचा राग काही गेला नाही.

आणि प्रत्येक तूट म्हणजे चोरीच असं नसतं. डिझेल थंड झालं की आकसतं. दहा हजार लिटर डिझेल दहा अंशांनी निवलं तर ऐंशी लिटरच्या आसपास कमी भरतं. थेंबभरही कुठे गेलेलं नसतं. म्हणून टाकीच्या पोर्टमधून नुसती उंची मागून चालत नाही, तापमानही मागावं लागतं आणि सगळा हिशेब पंधरा अंशांवर आणून मांडावा लागतो. हे आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी समजावून सांगतो, "आकडा कमी दिसला की लगेच माणसावर जाऊ नका." दुसऱ्याला सांगणं सोपं!

एकांकिकेची घाई

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रॉटरडॅमच्या दक्षिणेला फळं-भाजीपाला वाहून नेणाऱ्या एका कंपनीच्या डेपोत आम्ही यंत्रणा बसवत होतो. दोन पंप, दोन्ही जुने. नव्या पेटीशी बोलायला त्यांना एकेक कार्ड जोडलेलं. शुक्रवारचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम आणि त्यात आमची एकांकिका. सात वाजता आम्स्तलफेनला रंगीत तालीम. भूमिका तशी सात-आठ वाक्यांची, पण आमच्या दृष्टीनं मध्यवर्ती!

तीन वाजता सगळं सुरू झालं, पण पेटी मधूनच कुरकुरायची. दहा-पंधरा मिनिटांनी एकदा "संपर्कात चूक" असा लाल दिवा. परत हजेरी घेतली की ठीक. कारण शोधायचं तर केबल उकलून पाहायला हवी होती. ती जमिनीखालच्या जुन्या पाइपातून गेली होती, पंपाच्या मोटरच्या वीजवाहिनीला अगदी चिकटून. शेवटच्या टोकाचा रोधक कुणी लावला होता की नाही हे पाहायला पंपाचं झाकण काढायला हवं होतं. आम्ही काय केलं? लागोपाठ तीन चुका झाल्या की दिवा लागायचा, तो आकडा तीनचा पन्नास केला. दिवा विझला.

तेवढ्यात एक ड्रायव्हर तक्रार घेऊन आला. ट्रकला दोन टाक्या असतात, डावीकडे आणि उजवीकडे. एक भरून नोझल दुसऱ्या बाजूला न्यायला मिनिटभर लागतं आणि तेवढ्यात पेटी नोंद बंद करून टाकते. तक्रार खरी होती. साठ सेकंद प्रवाह थांबला तर नोंद बंद, असं ते सेटिंग होतं. दीड-दोन मिनिटं पुरली असती. आम्ही दहा मिनिटं करून टाकली आणि गाडीत बसलो. तालमीला वेळेवर पोचलो. दुसऱ्या दिवशी टाळ्याही पडल्या.

फेब्रुवारीत त्या कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. त्यांना एका ड्रायव्हरच्या टॅगच्या तीन महिन्यांच्या नोंदी छापून हव्या होत्या, आमच्या सहीनिशी. त्यांच्या हिशेबानं तो माणूस सुमारे दोन हजार लिटर डिझेल जादा भरत होता. "कॅन भरून घरी नेत असणार," मॅनेजर म्हणाला. माणूस एकोणीस वर्षं नोकरीत. त्याला घरी बसवलं होतं आणि तडकाफडकी काढून टाकायचं चाललं होतं. इथल्या कायद्यात चोरीसारख्या कारणावरून उभ्या पायी काढता येतं, त्याला 'ऑप स्तांदे फुट' असंच म्हणतात. तसं काढलेल्या माणसाला बेकारीचा भत्ता मिळणंही अवघड होऊन बसतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरीकडे कोण घेणार?

नाव वाचून कळलं की माणूस सुरिनामी हिंदुस्तानी आहे. हेगच्या बाजारात भेंडी-कारली घेताना आपल्याला भेटतात ती मंडळी. १८७३ साली 'लल्ला रूख' जहाजातून पहिले कंत्राटी मजूर पारामारिबोला उतरले. १९१६ पर्यंत चौतीस हजारांच्या आसपास माणसं गेली. १९७५ साली सुरिनाम स्वतंत्र झालं त्या सुमाराला त्यांची पुष्कळशी नातवंडं-पतवंडं इकडे आली. आम्ही सही करून कागद पाठवले असते तर आमचं काम संपलं होतं. नोंदी खोट्या नव्हत्याच, पेटीनं ज्या ठेवल्या त्या तशाच होत्या. पण का कोण जाणे, मामांचा चहा आठवला. बेरीज जुळते का ते आधी पाहू, म्हटलं.

एकूण बेरीज जुळत होती. टाकीतून जितकं गेलं तितकंच पंपावर नोंदलं होतं. ह्यानं काहीच सिद्ध होत नव्हतं, कारण टॅग दाखवून कॅन भरला तरी बेरीज जुळणारच. मग आम्ही सगळ्या गाड्यांचे किलोमीटर मागवले. त्याच्या गाडीनं तीन महिन्यांत तेहेतीस हजार किलोमीटरच्या आसपास केले होते, शंभराला ३६ लिटर पडत होते. फार झाले. दुसऱ्या एका गाडीचेही किलोमीटर जवळजवळ तेवढेच, तीही रोज कोलोनला जाऊन येणारी. तिला पडत होते २४. चाळीस टनी ट्रक भाजीपाला लादून शंभर किलोमीटरला चोवीस लिटरवर रोज पळतो हे आम्हाला पटेना. दोन्हींची सरासरी काढली. बरोबर तीस!

त्या रात्री झोप लागली नाही. शनिवारी पहाटे चार वाजता डेपोवर जाऊन उभे राहिलो. थंडीनं हात बधिर. साडेचारला पहिला ट्रक दुसऱ्या पंपावर आला. आमचा संशयित ज्या पंपावर रोज भरायचा तो हाच, वायरीच्या शेवटच्या टोकाचा. त्या दिवशी त्याच्या जागी बदली ड्रायव्हर होता. त्यानं डिझेल भरलं, नोझल ठेवलं आणि नेमक्या त्याच क्षणी शेजारच्या पंपाची मोटर सुरू झाली. ह्या जुन्या कार्डाची सवय अशी, की नोझल परत आल्याचा निरोप ते तीनदा देतं आणि पोच मिळाली नाही तर गप्प बसतं. मोटरच्या गोंगाटात तिन्ही निरोप बुडाले. पेटीच्या लेखी माणूस अजून भरतोच आहे. दहा मिनिटांची मुभा होती, पंप चालूच राहिला. पाच मिनिटांत मागची गाडी पुढे आली. तिच्या ड्रायव्हरनं नोझल उचलून पाहिलं, डिझेल येतंय. रीडरच्या खांबापर्यंत थंडीत कोण जातो? त्यानं सरळ भरायला सुरुवात केली. दीडशे लिटर, पहिल्याच्या टॅगवर.

पोर्टच्या लॉगमध्ये तीन महिन्यांत असे तेरा प्रसंग सापडले. प्रत्येक वेळी तेच: प्रवाह थांबला, चार ते आठ मिनिटं शून्य, पुन्हा प्रवाह. तेरा गुणिले दीडशे. चोरी कुणीच केली नव्हती. मागच्या ड्रायव्हरला तर काही पत्ताच नव्हता. त्याचं आपलं कौतुक चाललं होतं, कमी डिझेल जाळतो म्हणून! आणि चूक झाली तेव्हा दिवा लागावा म्हणून जी सोय होती, तिचं तोंड आम्हीच सप्टेंबरात बंद करून ठेवलं होतं.

सोमवारी आमच्या डच साहेबांपुढे जाऊन सगळं सांगितलं. म्हटलं, नोकरी गेली. साहेब थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "लिहून काढ. आजच." पत्र आम्हीच लिहिलं: नोंदी सदोष आहेत, कारण केबल आणि सेटिंग, सेटिंग आमचं. त्याच आठवड्यात नवी केबल वेगळ्या पाइपातून घातली, रोधक लावला, पन्नासचे परत तीन केले, दहा मिनिटांची दोन केली. कंपनीनं त्या ड्रायव्हरला कामावर परत बोलावलं. तोवर तो नऊ दिवस घरी होता.

आम्ही त्याला भेटायला हेगला गेलो. जाणं भाग होतं. त्याची बायको दारात आली, तिनं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत जाऊन पाणी आणलं. माफी मागायला डच शब्द जुळवून नेले होते, ते ऐन वेळी आठवेनात. मोडक्या हिंदीत बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग आपल्या सरनामीत शांतपणे म्हणाला, त्याचा मतितार्थ असा: "माझा पणजा जहाजात चढला तेव्हा त्यानं एका कागदावर अंगठा उठवला. कागदात काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं. पुढे आयुष्यभर ज्याला त्याला तो कागदच दाखवत होते. मला मॅनेजरनं तुमचा कागद दाखवला तेव्हा मला तो आठवला." नंतर जेवायचा आग्रह झाला. आम्ही जेवलो. घास घशाखाली उतरायला वेळ लागला.

आकड्यामागचा माणूस

ह्या प्रसंगानंतर देशातल्या बातम्याही आम्ही वेगळ्या नजरेनं वाचू लागलो. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे ह्यांना इंधनातली भेसळ पकडताना जिवंत जाळलं. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी. राज्यभरच्या सरकारी कर्मचाऱ्यांनी निषेधासाठी काम बंद ठेवलं होतं. पानेवाडीचे मोठाले तेलसाठे आणि तिथून रांगेनं निघणारे टँकर ज्यांनी पाहिले असतील त्यांना कळेल, की डेपो ते पंप ह्या वाटेवर किती हात असतात. २०१७ साली आधी उत्तर प्रदेशात आणि मग ठाणे पोलिसांनी आपल्याकडे ठिकठिकाणी पंपांवर छापे घातले, तेव्हा मशिनच्या आत बसवलेल्या चिपा सापडल्या. पंपातून डिझेल वाहतं तसे आतलं एक चाक ठोके देतं आणि ठोके मोजून लिटर ठरतात. चिप त्या ठोक्यांतच गडबड करायची. मीटर बरोबर दिसायचा, डबा अपुरा भरायचा. म्हणजे डिप घेणारा माणूस मधून गेला तरी खोटं बोलायला जागा उरतेच, फक्त ती वायरीत जाऊन बसते.

आणि आता तर वायरही लागत नाही. २०१५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका सुरक्षा-कंपनीनं इंटरनेटवर शोध घेतला, तेव्हा पेट्रोल पंपांच्या टाक्या मोजणारी पाच हजार आठशेच्या आसपास यंत्रं कुठल्याही पासवर्डाशिवाय उघडी सापडली. बहुतेक अमेरिकेतली. कुणीही यावं, टाकीत किती आहे ते विचारावं, वाटलं तर धोक्याची मर्यादाच बदलून टाकावी. कारण साधं होतं. ती पोर्टं शेजारच्या पेटीशी बोलण्यासाठी बनवलेली. घरात बोलताना कुणी कुलूप लावत नाही. मग एक दिवस सोयीसाठी ती पेटी इंटरनेटला जोडली गेली आणि घराचा दरवाजा रस्त्यावर उघडला. आम्ही हल्ली काम संपवताना न वापरलेली सगळी पोर्टं बंद करतो, कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलतो आणि कुठलं सेटिंग का बदललं ते तारखेसकट वहीत लिहितो. साधी दोनशे पानी वही. मामांकडे होती तशीच.

तुम्ही म्हणाल, ह्यात आम्ही काय करायचं? वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळजण आमच्यासारखेच कुठल्या ना कुठल्या पडद्यामागे बसलेले आहात. बँकेत, विमा कंपनीत, इस्पितळाच्या संगणक विभागात. तुमच्या पेटीतून निघालेला कागद कुणाच्या तरी टेबलावर जातो आणि तिथे कुणा माणसाचा निकाल लागतो. तो माणूस आपल्याला दिसत नाही. सही करण्याआधी एकदा किलोमीटर मागवून पाहा, एवढंच सांगणं. आणि शुक्रवारी संध्याकाळी लाल दिवा लागला तर तालमीला उशीर झाला तरी चालेल. त्या एकांकिकेतली आमची सात वाक्यं आज कुणाला आठवत नाहीत. आम्हालाही नाहीत.

तो ड्रायव्हर आता निवृत्त झाला आहे. दिवाळीला त्याचा फोन येतो, न चुकता. दर वेळी आधी विचारतो, "दिवा कसा आहे?" आम्ही म्हणतो, "लागतोय."

सांगलीच्या आजी मधे पुन्हा आल्या होत्या. त्यांना हे सगळं सावकाश समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तू मापाडी आहेस होय! मग आधी सांगायचंस. उगीच बोट बोट करत बसलो." इतक्या वर्षांत आमच्या कामाला मिळालेलं हे पहिलं बरोबर नाव.